हिरड्यांतील जंतूंची साक्ष

दांत घासतांना रक्त आलें तर आमच्या कोल्हापुरांत तें फारसें कोणी मनावर घेत नाहीं. कोणी मिठानें हिरड्या चोळतो, कोणी मशेरी लावतो, आणि रक्त थांबलें कीं रोग गेला असें समजतो. परंतु रक्त हें रोगाचें केवळ पहिलें चिन्ह होय. उपेक्षा झाल्यास पुष्कळांच्या बाबतींत दांत व हिरडी यांमधील फट खोल होते, दांतास धरून ठेवणारें हाड झिजतें, आणि मुळींच न किडलेला दांतहि हलूं लागतो. झिजलेलें हाड आपोआप पूर्ववत् होत नाहीं. म्हणून या रोगाचें मूळ शास्त्रज्ञ कसें शोधतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हॉलंडमधील लेव्हेनहुक यानें १६८३ सालीं आपल्या दांतांवरील पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांत वळवळणारे असंख्य जीव असल्याचें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. पण जंतु सांपडले एवढ्यावरून ते अपराधी ठरत नाहींत. १९६५ सालीं डेन्मार्कमध्यें हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं १२ निरोगी व्यक्तींस दांत घासणें बंद करावयास सांगितलें. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हा सुरू होतांच त्या लवकरच बऱ्या झाल्या.

याहून पुढें जाऊन मनुष्याचें हाड झिजूं देणें हा अधर्मच होय. म्हणून पुढील प्रयोग उंदीर, कुत्रे इत्यादि प्राण्यांवर होतात. उंदराच्या दाढेभोंवतीं रेशमी धागा बांधिला असतां तेथें जंतूंचा थर सांचतो व थोड्याच दिवसांत हाड झिजतें.

आतां नमुना कसा घेतात तें पाहूं. कुत्र्यासारख्या प्राण्यास गुंगीचें औषध देऊन दांताभोंवतालची लाळ टिपतात, वरचा थर पुसतात, आणि निर्जंतुक कागदाची बारीक वात फटींत कांहीं सेकंद ठेवतात. लाळ न टिपल्यास साऱ्या तोंडाचे जंतु येतात व फटींतले ओळखूं येत नाहींत. फटींतील कित्येक जंतूंस प्राणवायु घातक असतो. त्यांस जिवंत वाढवून पाहावयाचें असल्यास ती वात प्राणवायुरहित द्रवांत घालावी लागते, नाहीं तर खरा अपराधी वाटेंतच मरून निसटतो. उंदराची फट फार लहान. म्हणून त्याच्या दांत-हिरड्यांवरून बारीक बोळा फिरवितात, किंवा बांधलेला धागाच काढून तपासतात.

आणखी एक खबरदारी आहे. एका पिंजऱ्यांतील उंदीर एकमेकांस चाटतात, एकमेकांची विष्ठाहि खातात. त्यामुळें त्यांचे जंतु सारखे होतात. अशा पांच उंदरांचे पांच नमुने म्हणजे आधीं संगनमत केलेले पांच साक्षीदार! यासाठीं निरनिराळे पिंजरे लागतात, आणि धागा बांधण्यापूर्वींचा नमुनाहि तुलनेस लागतो.

या काळजीचें फळ काय? २०११ सालीं जॉर्ज हाजिशेंगालिस व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नांवाचा जंतु अगदीं अल्प संख्येनें शिरला तरी सामान्य उंदरांच्या तोंडांतील इतर जंतूंचा सारा मेळ बिघडतो व हाड झिजतें. परंतु जन्मापासून जंतुरहित वाढविलेल्या उंदरांत तोच जंतु एकटा असतां हाड झिजलें नाहीं. पौलाच्या पत्रांतील खमिराचा दृष्टान्त वाचकांस येथें आठवेल. मात्र उंदराचें तोंड म्हणजे मनुष्याचें तोंड नव्हे. तेथें मिळालेलें उत्तर मनुष्यांत पुन्हा पडताळावें लागतें.

हे मुके प्राणी ईश्वराचीच निर्मिति आहेत. त्यांस विनाकारण क्लेश होऊं नयेत म्हणून आपल्या देशांत १९६० चा कायदा आहे. निष्काळजीपणें घेतलेला नमुना म्हणजे त्या प्राण्याचें दुःख व्यर्थ दवडणें होय. आणि इतक्या कष्टानें मिळालेलें ज्ञान आपण आचरणांत न आणणें हेंहि तसेंच नव्हे काय? तेव्हां विद्यार्थ्यांनीं सकाळीं व निजण्यापूर्वीं दांत नीट घासावे, पालकांनीं घरांतून मशेरी व तंबाखू हद्दपार करावी, आणि हिरडीचें रक्त दिसतांच दंतवैद्याकडे जावें, एवढीच आमची विनंति आहे.