ताडोब्याच्या दोन दिवसांचा बेत

‘दोन दिवस ताडोब्याला जाऊन येऊ’ हे वाक्य नागपूर, वर्धा, यवतमाळकडील घरांतून गेली अनेक दशके उच्चारले जात आहे. मात्र या वाक्यामागे जो बेत असे, त्यात कोणत्या गोष्टीची तजवीज आधी करायची, कोणाकडे अर्ज करायचा, कोणता महिना धरायचा आणि मुळात तेथे काय पाहावयाचे, हे सारे या काळात इतके पालटले आहे की, तीच सडक आणि तेच अरण्य असूनही आजचा प्रवासी आणि चाळीस वर्षांपूर्वीचा प्रवासी निरनिराळ्या मुलखांत जाऊन येतात की काय असे वाटावे.

या भागातील शिकारीवर १९३५ साली बंदी आली आणि १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरांचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्या वेळी चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपूर्वीच त्याचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले होते, ही गोष्ट मला नेहमीच अभिमानाची वाटत आली आहे. कारण व्याघ्रसंरक्षणाचा राष्ट्रव्यापी संकल्प १९७३ साली सोडला गेला त्याच्या कितीतरी आधी एका प्रांतिक सरकारने आपल्या सागवान-बांबूच्या उत्पन्नाच्या मुलखातील एवढा तुकडा केवळ राखण्यासाठी राखला होता.

माझ्या तरुणपणी बेताची सुरुवात अर्जाने होई. तलावाकाठच्या वनविश्रामगृहात मुक्कामाची परवानगी मिळावी म्हणून चंद्रपूरच्या जंगल खात्याच्या दप्तरी पत्र पाठवावयाचे, त्यात माणसांची संख्या, मोटारीचा नंबर आणि तारखा नमूद करावयाच्या, आणि उलट टपाली उत्तर येईपर्यंत शिधासामग्रीची यादी करीत बसावयाचे, असा तो क्रम होता. तांदूळ, कणीक, तुरीची डाळ, तेल, कांदे, कंदिलासाठी घासलेट, एवढे सारे बरोबर न्यावे लागे, कारण बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती अशी मोठ्या वस्तीची गावे मागे टाकून चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याला लागल्यावर भरवशाचे दुकान मिळत नसे. खानसामा असलाच तर भाकरी त्याच्या हातची मिळे, नसला तर चूल आपणच पेटवावयाची. मोहर्लीच्या नाक्यावर जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या नोंदवहीत नाव, गाव आणि वेळ लिहिली, परवानगीचा कागद दाखवला आणि गावातलाच एक वाटाड्या गाडीत घेतला की आपली मोटार घेऊन आत जाण्याची मुभा असे.

आत गेल्यावर घाई नसे, आणि घाई नसल्यामुळे पुष्कळ दिसे. सडकेच्या कडेला ठरावीक अंतराने दगडी बांधणीचे जुने खांब आजही उभे आहेत. त्यांच्यामधून दोर ओवलेले असत आणि गोंड राजाची स्वारी निघाली की त्या दोरांच्या योगाने पुढच्या टप्प्याला वर्दी दिली जाई, असे तेथील लोक सांगतात. वाटाड्या गाडी थांबवून आम्हांस खांबापाशी नेई, वरच्या बाजूचे छिद्र दाखवी आणि त्याच ठिकाणी मागच्या पावसाळ्यात अस्वल कसे आडवे आले होते हेही सांगे. त्या खांबाला हात लावला की दुपारच्या उन्हाने तापलेला दगड तळव्याला चटका देई आणि शेवाळाचे वाळलेले पापुद्रे बोटांखाली भुरभुरत. तलावाच्या काठी थोर वृक्षाखाली तारू देवाचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि आदिवासींनी त्याला देवत्व दिले, अशी श्रद्धा आहे. ताडोबा हे नावही त्याच्यावरूनच आले असे मानतात. पौषात तेथे भाविक येत. वाघाने मारलेल्या माणसाला दैवत मानावे आणि तरीही वाघाचा द्वेष करू नये, या भावनेपुढे माझे मस्तक प्रत्येक वेळी आपोआप लवले आहे.

वाघ त्या काळी क्वचितच दिसे आणि न दिसल्याची हळहळ फार वेळ टिकत नसे. पांढऱ्याफटक खोडाचे कांडोळ, मोहाच्या झाडाखालून आलेली अस्वलाची ताजी पावले, इरई धरणाच्या फुगवट्यावर उतरलेले पाणपक्षी, तलावाच्या काठावर उन्हात निपचित पडलेली मगर, एवढ्यावर माणसे तृप्त होऊन परतत. बेताचा महिना बहुधा डिसेंबर असे. थंडी, मुलांची सुटी आणि पावसानंतर भरलेले तलाव हा त्यामागचा हिशेब.

१९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले, पुढे १९९५ च्या सुमारास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि हळूहळू बेताचे केंद्र अरण्याकडून वाघाकडे सरकले. संरक्षणाला यश आले, वाघ वाढले, दिवसाढवळ्या सडकेवर दिसू लागले. पाणवठ्यांवरून आणि अंगलक्षणांवरून त्यांना नावे मिळाली, आणि ‘वाघडोह’ किंवा ‘माया’ यांची वार्ता पुण्या-मुंबईच्या घरांत नातलगांच्या वार्तेसारखी चर्चिली जाऊ लागली. डिसेंबर मागे पडून एप्रिल-मे पुढे आले. कारण पाणी आटले की जनावर पाणवठ्यावर येते. पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लेकराबाळांसह माणसे उघड्या जिप्सीत बसू लागली, यावरून त्या ओढीची कल्पना यावी.

जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली आणि ऑक्टोबरात नव्या मार्गदर्शक तत्त्वांनिशी ती उठवली. गाभ्याचा वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनास देऊ नये, हे त्यांतील मुख्य. आपली मोटार आत नेण्याची मुभा संपली, नोंदणीकृत जिप्सी, सोबत गाईड, सकाळ-दुपारच्या फेऱ्यांना ठरावीक गाड्या, कित्येक आठवडे आधी केलेले आरक्षण आणि त्यात नोंदवलेल्याच ओळखपत्राचा दाखला, असा बंदोबस्त आला. जुन्या मंडळींना या शिस्तीचा जाच वाटतो. मला वाटत नाही. ज्या अरण्यात आम्ही मनाला येईल तेथे थांबत होतो, तेथे सर्वांनाच तसे थांबू दिले असते तर थांबण्याजोगे काही उरले नसते.

मला बोचते ते वेगळेच. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी या गाभ्यातील गावांतून २००७ पासून पुढे टप्प्याटप्प्याने घरे उठली आणि कुटुंबे बाहेर जाऊन वसली. जामणीच्या किंवा नवेगावच्या ज्या गवताळ पटांगणात आज चितळांचे कळप चरतात आणि त्यांच्या मागावर आलेला वाघ पाहण्यासाठी जिप्सींची रांग लागते, तेथे काल-परवापर्यंत धानाचे बांध आणि अंगणे होती. गाभ्याभोवतीच्या सुमारे अकराशे चौरस किलोमीटरांच्या बफर क्षेत्रात आजही गावे आहेत. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायला आणि मेमध्ये तेंदूपाने तोडायला तेथील बायामाणसे वाकलेल्या अवस्थेत झाडाखाली काम करतात आणि त्याच वेळी वाघाच्या हल्ल्याला बळी पडतात. आपल्या बेतातला सर्वांत अनुकूल महिना हा त्यांच्या जिवाच्या धोक्याचा महिना आहे, हे बेत आखणाऱ्याच्या ध्यानात असले पाहिजे.

म्हणून अलीकडे कोणी सल्ला मागितला तर मी मे सुचवीत नाही, नोव्हेंबर-डिसेंबर सुचवितो, आणि मंगळवारी उद्यान बंद असते व पावसाळ्यात जुलैपासून सप्टेंबरअखेर गाभ्याची दारे मिटलेली असतात याची आठवण देतो. नागपूरहून भल्या पहाटे उमरेड-भिसीच्या रस्त्याने निघावे. वाटेत चिमूरला थांबून १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावातील हुतात्म्यांना वंदन करावे, उद्यानाच्या कोलारा प्रवेशद्वाराच्या बाजूला मुक्काम धरावा आणि पहिल्या दुपारची फेरी बफरमधली घ्यावी. तेथील गाईड, जिप्सीचालक आणि न्याहारीची पोळी लाटणारी बाई त्याच गावांतली असतात, आणि त्या फेरीचा पैसा त्यांच्या अंगणात पोहोचतो. गाभ्याची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळची ठेवावी, आणि गाईडला आरंभीच सांगावे की ‘कॉल’मागे, म्हणजे वाघाची चाहूल देणाऱ्या जनावरांच्या ओरडण्यामागे, धावण्याची आम्हांला घाई नाही, तलाव आणि खांब दाखव. परतताना चंद्रपूर-भद्रावतीचा रस्ता धरला तर गोंड राजांचा परकोट आणि विजासनची बौद्ध लेणी दोन्ही पदरात पडतात. रात्रीचे जेवण नागपुरात घरी होते.