धावपट्टीच्या शेजारची सोळा वर्षं

2009 साली राज्यातले पाच छोटे विमानतळ एकदमच खासगी हातात गेले. नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद. एमआयडीसीने ते 95 वर्षांच्या कराराने रिलायन्स समूहाच्या कंपनीला दिले, तेव्हा मराठवाड्यात एकच चर्चा होती : मुंबईचं विमान कधी सुरू होणार? नांदेडची धावपट्टी गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने 2008 मध्येच सुधारली होती, पुढे 2017 मध्ये ‘उडान’ योजनेतून तिथून हैदराबादची सेवाही सुरू झाली. उस्मानाबादच्या वाट्याला तसं काही आलं नाही. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शहराजवळच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी विमान मात्र आजवर उतरलेलं नाही.

विमानच येत नाही, तर विमानतळाच्या शेजाऱ्यांचे प्रश्न इथे कुठून असणार, असं कुणालाही वाटेल. पण 2009 पासून धाराशिवच्या आजूबाजूला, सोलापुरात, निलंग्यात, बारामतीच्या शेतांत जे घडलं ते एका ओळीत मांडून पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. आधी जागा ठरते, मग कुणीतरी काहीतरी उंच बांधतो, मग विमान येतं, आणि शेजारच्या गावाला विचारायची वेळ येते तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. धाराशिवची धावपट्टी अजून शांत आहे, म्हणून तर हा मागोवा आत्ताच घ्यायला हवा.

सगळ्यात मोठा धडा सोलापूरचा. धाराशिवकराला विमान पकडायचं तर तेच जवळ. होटगी रस्त्यावरचा हा विमानतळ जुना. किंगफिशरची विमानं काही काळ इथे आली, नंतर तीही थांबली. विमानतळाला लागूनच, कुमठ्याच्या बाजूला, श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. कै. अप्पासाहेब काडादी यांनी उभा केलेला, हजारो ऊसउत्पादक सभासदांचा. कारखान्याने 38 मेगावॉटचा सहवीजनिर्मिती प्रकल्प उभारला आणि त्याच्यासाठी सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी बांधली. ही चिमणी विमानं उतरण्या-उडण्याच्या मार्गात आली.

चिमणी एवढी उंच का, हे कारखान्यात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. बगॅस जाळून बॉयलर चालतो. त्याचा धूर आणि काजळी आजूबाजूच्या वस्तीवर न पडता वरच्या वाऱ्याला लागावी म्हणून चिमणी उंच लागते. म्हणजे शेजाऱ्यांच्या छातीत धूर जाऊ नये, हाच त्या उंचीमागचा हेतू. तिकडे विमानाचं गणितही तितकंच साधं आहे. उपकरणांच्या आधारे विमानं उतरवायची असतील अशा मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून एक कल्पित उतार आखलेला असतो. साधारण 50 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. त्या उताराला छेदून वर काही जाता कामा नये. या हिशेबाने उतरण्याच्या वाटेवर 90 मीटरची वस्तू उभी करायची तर ती धावपट्टीच्या टोकापासून साडेचार किलोमीटर लांब हवी. दोन्ही गणितं माणसांच्या भल्यासाठीच केलेली. ती एकाच जागी भिडली, कारण चिमणीचा पाया खोदायच्या आधी ती कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

महापालिकेने चिमणी अनधिकृत ठरवली. त्यानंतरची वर्षं नोटिसा, सुनावण्या, न्यायालय आणि आंदोलनं यांतच गेली. पाडकामाच्या हालचाली झाल्या की ऊसउत्पादक रस्त्यावर येत. 2022 च्या अखेरीस शहरातल्या विमानसेवेच्या पुरस्कर्त्यांनी चक्री उपोषण केलं, तर कारखान्याच्या बाजूने शेतकरी आणि कामगारांनी मोर्चा काढला. एक बाजू म्हणे, विमान नाही म्हणून उद्योग येत नाहीत, पोरं पुण्याला जातात. दुसरी बाजू म्हणे, चिमणी पडली की बॉयलर बंद, बॉयलर बंद की गाळप कमी, आणि शेतात उभ्या असलेल्या उसाचं काय करायचं? एकाच गावातली, कधी कधी एकाच घरातली माणसं दोन्हीकडे उभी होती. शहर विरुद्ध शेतकरी असं चित्र रंगवणाऱ्यांनी हे पाहिलं नाही.

15 जून 2023 रोजी दुपारी नियंत्रित स्फोटाने ती चिमणी पाडली गेली. परिसरात जमावबंदी, मोठा पोलीस बंदोबस्त, आणि लांबून मोबाइल उंचावून उभी असलेली माणसं. चिमणी तळाशी मोडली, एका अंगाला कलली आणि आडवी झाली; मागे धुळीचा लोट उरला. बांधायला महिने लागलेली वस्तू काही सेकंदांत संपली. सभासदांपैकी कित्येकांनी हा दिवस दुःखाचा मानला, तर शहरात काही ठिकाणी आनंद व्यक्त झाला. या सगळ्यात ज्यांच्या टेबलावरून वर्षानुवर्षं कागद गेले, त्या यंत्रणांना फारसं कुणी काही विचारलं नाही. खरी चूक तिथे झाली होती. 90 मीटरची चिमणी काही एका रात्रीत उगवत नाही.

29 सप्टेंबर 2024 रोजी सोलापूर विमानतळाच्या नव्या सुविधांचं उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने झालं. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. विमान येण्यासाठी पर्यायी जागा म्हणून हैदराबाद रस्त्यावरच्या बोरामणीला शेकडो हेक्टर शेतजमीन आधीच संपादित झाली होती; तो प्रस्ताव वनजमीन आणि माळढोक अभयारण्याच्या मुद्द्यावर अडकला. जमीन देऊन बसलेल्या बोरामणीकरांचा विषय चिमणीच्या गदारोळात मागेच पडला, आणि त्याची खंत वाटावी अशी स्थिती आहे.

उंचीचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसतो. आवाजाचं तसं नाही, आणि धाराशिव जिल्ह्यात आवाजाला एक जुनी जखम चिकटलेली आहे.

30 सप्टेंबर 1993. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त केली. उमरगा-लोहारा भागात, सास्तूरसारख्या गावांत, त्या रात्री माणूस गेलं नाही असं घर शोधावं लागेल. त्या पिढीच्या कानांत जमिनीचा तो आवाज कायमचा बसला. त्यानंतर या पट्ट्यात दुपारच्या स्वच्छ उन्हात अचानक प्रचंड धमाका होतो, पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात, आणि माणसं आधी घराबाहेर पडतात, मग एकमेकांना विचारतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा असतो ‘गूढ आवाज’. फोन तहसीलला जातात, लातूरच्या भूकंपमापन केंद्रात काही नोंद झाली का याची चौकशी होते. नोंद नसली की चर्चा लढाऊ विमानाकडे वळते.

विमान ध्वनीपेक्षा वेगाने गेलं की हवेत दाबाची लाट तयार होते आणि ती जमिनीवर धमाक्यासारखी आदळते. विमान जितकं उंच, तितका आवाज ऐकू येणारा पट्टा रुंद. 30 हजार फुटांवरून गेलेल्या एका विमानाचा आवाज जमिनीवर पन्नासेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात ऐकू येऊ शकतो. म्हणून तीन-तीन तालुक्यांतून एकाच वेळी फोन येतात, आणि मान वर करून पाहिलं तर विमान केव्हाच निघून गेलेलं असतं. भूकंपात हादरा पायाखालून येतो आणि जमीन हलत राहते. हवेतल्या धमाक्यात खिडक्या आणि पत्रे वाजतात, पण जमीन स्थिर असते. हा फरक शाळेत शिकवला, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला, तर किती घरांतली घालमेल कमी होईल.

20 मे 2020 रोजी बंगळुरूत असाच धमाका झाला. लोकांनी भूकंप समजून समाजमाध्यमं भरून टाकली. संरक्षण विभागाने त्याच दिवशी खुलासा केला : हवाई दलाचं नेहमीचं चाचणी उड्डाण होतं, शहराबाहेरच्या ठरवून दिलेल्या हवाई क्षेत्रात होतं, आणि 36 ते 40 हजार फुटांच्या दरम्यान विमानाने ध्वनीच्या वेगावरून खाली वेग आणला तेव्हा तो आवाज झाला असावा. उंचीसकट, जागेसकट माहिती. ज्या जिल्ह्याने 1993 पाहिलं, त्याचा अशा खुलाशावर बंगळुरूपेक्षा कमी हक्क नाही.

नागरी विमानतळांच्या आवाजासाठी केंद्राने 2018 मध्ये मर्यादा घातल्या. वर्षाला 50 हजारांहून जास्त विमानांची ये-जा असेल तिथे दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल. बाकीच्या ठिकाणी दिवसा 65, रात्री 60. मुंबईत जरीमरी किंवा कुर्ल्याच्या क्रांतीनगरात राहणाऱ्याला हे आकडे कागदावरचेच वाटतील, इतक्या खालून तिथे विमान जातं. धाराशिवच्या धावपट्टीजवळच्या गावात आज रात्री बेडकांचा आणि पाण्याच्या मोटरचाच आवाज असतो. पण आवाजाची आजची पातळी मोजून ठेवायची तर हीच वेळ आहे, कारण विमानं सुरू झाल्यावर ‘आधी किती होता’ हे सिद्ध करायला काहीच हाताशी राहत नाही.

छोट्या गावांच्या वाट्याला विमानतळापेक्षा हेलिकॉप्टर लवकर येतं. शाळेचं मैदान, चुन्याचा गोल, धुराची नळकांडी, आणि कडेला दोरीमागे अख्खं गाव. 25 मे 2017 रोजी निलंग्यात, उमरग्याच्या शेजारच्या तालुक्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाण घेताच विजेच्या तारांत अडकलं आणि वस्तीजवळ कोसळलं. आतले सगळे बचावले, हे नशीब. तिथल्या तारा आणि घरं हेलिकॉप्टर यायच्या कितीतरी आधीपासून होती. पाहायला येणाऱ्या मुलांना दोरीच्या मागे किती अंतरावर उभं करायचं, हे ठरवणारा माणूस बहुतेक ठिकाणी स्थानिक पोलीस शिपाईच असतो.

आणि मग शिकाऊ विमानं. ज्या पाच विमानतळांचा करार 2009 मध्ये झाला, त्यांपैकी बारामतीत वैमानिक प्रशिक्षण भरभराटीला आलं. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळलं. ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन विमानं, आधी कटफळजवळ आणि मग गोजुबावीजवळ. त्यानंतर डीजीसीएने संबंधित संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. 16 जुलै 2021 ला चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात सातपुड्याच्या कुशीत असंच विमान पडलं; प्रशिक्षक दगावला, शिकणारी तरुणी जखमी झाली. तिथे ना रस्ता ना रुग्णवाहिका. जवळच्या आदिवासी वस्तीतली माणसं धावली, एका बाईने अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी बांधली गेली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला डोंगराखाली आणलं. अपघाताच्या जागी पहिला पोहोचणारा माणूस नेहमी शेजारचाच असतो. घाटकोपरमध्ये 28 जून 2018 ला सर्वोदयनगरच्या इमारतीच्या कामावर विमान कोसळलं तेव्हा तसंच होतं. त्या अपघातात विमानातल्या चौघांबरोबर रस्त्याने चाललेला एक पादचारीही गेला. 12 जून 2025 च्या अहमदाबाद दुर्घटनेत बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या परिसरात जमिनीवरचे 19 जण मरण पावले.

तरीही शिकाऊ उड्डाणं जिथे होतात त्या पट्ट्यातल्या गावांसाठी विमान पडल्यावर काय करायचं, इंधनाच्या वासात विडी पेटवायची नाही, पत्र्याला हात लावायचा नाही, नंबर कुठला फिरवायचा, एवढी साधी तालीम घेणं कुणाच्याच अजेंड्यावर दिसत नाही. याला पैसे लागत नाहीत. तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांची एक सकाळ पुरे.

धाराशिवपुरता सगळ्यात तातडीचा मुद्दा पवनचक्क्यांचा आहे. बालाघाटच्या पठारावर, वाशी, भूम, कळंब, तुळजापूर या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत त्या झपाट्याने उभ्या राहिल्या. मोबदला, रस्ते आणि ताब्यावरून शेतकऱ्यांचे वादही झाले. नव्या पवनचक्कीचं पातं सरळ वर आलं की टोक साधारण 200 मीटरपर्यंत पोहोचतं, सोलापूरच्या चिमणीच्या दुप्पटीहून जास्त. उंच बांधकामांसाठी केंद्राचे 2015 चे नियम आहेत. विमानतळाभोवतीच्या ठरावीक अंतरात विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत पत्र लागतं. अहमदाबादनंतर जून 2025 मध्ये अडथळा ठरणारी बांधकामं हटवण्याच्या नव्या नियमांचा मसुदाही केंद्राने जाहीर केला, त्यात नोटीस मालकाच्या नावे निघणार आहे.

पवनचक्कीचा मालक कंपनी, पण जमीन शेतकऱ्याची. उद्या धाराशिवची धावपट्टी वाढली आणि एखादा मनोरा मार्गात आला, तर नोटीस कंपनीला जाईल आणि भाडं शेतकऱ्याचं थांबेल. म्हणून करारावर सही करण्याआधी उंचीच्या ना हरकत पत्राची प्रत मागून घ्यावी, ती करारालाच जोडून घ्यावी, आणि मनोरा हटवावा लागला तर भरपाई कोण देणार हे कलम त्यात लिहून घ्यावं. वाशी-भूमच्या कित्येक शेतकऱ्यांचे करार अजून व्हायचे आहेत.