पुन्हा पुन्हा विकलेले पिठाचे पोते



दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तेव्हा आम्ही मुले सैनिकांसाठी निधी गोळा करतो. यंदा माझ्याकडे दोनच रुपये होते. ते डब्यात टाकताना मला लाज वाटली. मी विचारले, "गुरुजी, एवढ्याशा पैशांनी काय व्हायचं?" तेव्हा गुरुजींनी मला एका पोत्याची हकिगत सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले. यादवी म्हणजे एकाच देशातल्या लोकांची आपसात लढाई. दक्षिणेकडच्या राज्यांत माणसांना गुलाम करून राबवत. त्या प्रश्नावरून ती राज्ये देशातून फुटली आणि युद्ध पेटले. त्यात गोळ्या लागून मेले त्याहून जास्त सैनिक आजारांनी मेले. छावणीत घाण पाणी, निकृष्ट अन्न, म्हणून हगवण आणि विषमज्वर! हे पाहून 1861 मध्ये उत्तरेकडच्या नागरिकांनी 'सॅनिटरी कमिशन' नावाची संस्था काढली. ती आपल्या सैनिकांना औषधे, कपडे, भाजीपाला पुरवी. बायका कपडे शिवत, जत्रा भरवून पैसे जमवीत.

आता पोत्याची गोष्ट. नेवाडा भागात ऑस्टिन नावाचे चांदीच्या खाणींचे गाव होते. तिथे ग्रिडली नावाचा किराणा दुकानदार होता. 1864 साली गावच्या निवडणुकीवर त्याने पैज लावली आणि तो हरला. ठरल्याप्रमाणे त्याला 50 पौंडांचे, म्हणजे सुमारे 23 किलोचे, पिठाचे पोते खांद्यावर घेऊन गावातून चालावे लागले. पुढे बँड, मागे लोक! नुसती गंमत चालली होती. शेवटी प्रश्न पडला, आता या पोत्याचं करायचं काय? तेव्हा सैनिकांसाठी त्याचा लिलाव करायचे ठरले.

ज्याने बोली जिंकली त्याने पैसे दिले, पण पोते नेले नाही. "पुन्हा विका," म्हणाला. दुसऱ्यानेही तसेच केले, तिसऱ्यानेही. म्हणजे पीठ तेवढेच राहिले, पैसे मात्र वाढत गेले. लोक पीठ विकत घेतच नव्हते, ते देणगी देत होते. मग ग्रिडली ते पोते घेऊन व्हर्जिनिया सिटी, सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्को असा गावोगाव फिरला. एका पोत्यावर लाखाहून जास्त डॉलर जमले!

या धावपळीत त्याची तब्येत ढासळली, धंदाही बसला. 1870 साली तो गरिबीतच वारला. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

गुरुजी म्हणाले, "बाळ, पोतं एकच होतं, पण हात किती लागले बघ." मी हिशेब केला. आमच्या वर्गात 34 मुले आहेत. प्रत्येकाने दोन रुपये दिले तरी 68 होतात. पुढच्या वर्षी डबा मीच घरोघर फिरवणार आहे.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी