नांगरवाल्यांचे मासिक आणि कुंडलिकेचे पाणी

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी रोह्याच्या घरी आला. कोलाडजवळ नदीकाठी त्याचा लहानसा होमस्टे आहे. कुंडलिकेत राफ्टिंगला येणारी मंडळी त्याच्याकडे उतरतात, घरचे जेवतात, दुसऱ्या दिवशी परततात. "सर, चार ओळींची झकास जाहिरात लिहून द्या," अशी त्याची मागणी होती. चेहरा मात्र उतरलेला. त्याच दिवशी एका कुटुंबाशी त्याचे वाजले होते. मंडळी पुण्याहून सावकाश निघून बारानंतर पोहोचली, तोवर नदीचे पाणी उतरले होते. मुले हिरमुसली, मोठ्यांनी फसवणुकीचा आरोप केला आणि याने पैसे परत दिले. फसवणूक कुणीच केली नव्हती. पाणी केव्हा असते आणि का असते, एवढेच कुणी सांगितले नव्हते.

मी त्याला विचारले, "लोक तुला सर्वांत जास्त वेळा काय विचारतात?" तो म्हणाला, "भर उन्हाळ्यात या नदीला एवढं पाणी कुठून येतं, हेच. रोज दहादा सांगतो." मी म्हटले, "मग जाहिरात राहू दे. हेच लिही." त्याला ते फारसे पटले नाही. व्यवसाय करणाऱ्याने माल विकायचा सोडून लेख लिहीत बसायचे, हा मास्तरी सल्ला वाटला असावा. पण हा सल्ला माझा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखातल्या एका कारखान्याने तो अमलात आणला होता. व्यवसायाने नियमित लिहावे का आणि लिहून त्याला मिळते काय, या प्रश्नाचा विचार त्या उदाहरणावरून करता येतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून झाली. पुढे ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता, पण खपेना. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो. लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलथतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा लहान बदल नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हाही ही अडचण संपलेली नव्हती. किंमत उतरवून ती सुटणारी नव्हती, कारण गिऱ्हाईक पैशापाशी अडले नव्हते, शंकेपाशी अडले होते. शंका असलेल्या माणसापुढे मालाची स्तुती केली की ती वाढतेच. त्याला माहिती लागते, आणि ती देणाऱ्याची ओळख लागते.

१९२० साली वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे पुढे मराठी वाचकांना परिचित झालेले शंवाकि. ते मूळचे चित्रकार. 'खबर' हे कारखान्याचे मुखपत्र होते. मालाची माहिती आणि वाडीतल्या घडामोडी हे त्याचे प्रयोजन. एवढ्यावरच ते थांबले असते, तर आज त्याची आठवण कारखान्याच्या दप्तराबाहेर उरली नसती. पण पानांवर हळूहळू नांगराची जागा कमी होत गेली आणि वाचकाची वाढत गेली. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, विज्ञान, समाजसुधारणा, कथा असे विषय येत गेले. नावातला 'खबर' हा परभाषेतला शब्दही पुढे गळला. त्यामागे सावरकरांच्या भाषाशुद्धीचा आग्रह होता, असे सांगितले जाते. त्याच सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून वाचकांसमोर आले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हणकर या मासिकांच्या संपादन विभागात होते. नांगराच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाला तीन मासिके दिली.

ही कल्पना एकट्या वाडीची नव्हती. अमेरिकेत नांगरांसाठीच नावाजलेल्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो', म्हणजे नांगराचा तास, या नावाचे नियतकालिक शेतकऱ्यांसाठी सुरू केले. ते आजही निघते. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढून फुकट वाटली. टायर कसे बदलावे, दुरुस्ती कुठे होते, मुक्कामाला कुठे उतरावे, याची माहिती तीत होती. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, हा त्यामागचा सरळ हिशेब. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच दिसते. आपल्या मालाच्या अवतीभवती गिऱ्हाइकाचे जे आयुष्य असते, त्याबद्दल त्याला उपयोगी पडेल असे लिहायचे, आणि लिहीत राहायचे.

यातून मिळणारा फायदा नेमका कसा होतो? पहिली गोष्ट, जाहिरातीचे आयुष्य तिच्यासाठी मोजलेल्या पैशाएवढे असते. पैसे थांबले की ती थांबते. उपयोगी मजकूर मात्र कपाटात, हातोहात, आणि आता मोबाइलवर फिरत राहतो. एकदा दिलेले उत्तर पुढच्या हजार प्रश्नांना पुरते. दुसरी गोष्ट, वाचून आलेले गिऱ्हाईक तयार होऊन येते. त्याच्या अपेक्षा जागेवर असतात, आणि ज्याला आपला माल उपयोगाचा नाही तो आधीच दुसरीकडे जातो. हा तोटा वाटतो, पण भांडण टळते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लिहिताना व्यावसायिकाला स्वतःचे काम नव्याने कळते. हाताला माहीत असलेली गोष्ट शब्दांत मांडायला गेले की तिच्यातल्या भेगा दिसतात.

आमच्या शेजारच्या पेणचे उदाहरण घेऊ. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो: शाडू की प्लास्टर? शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. पण ती जड, नाजूक आणि दमट हवेत सावकाश वाळणारी. प्लास्टरची हलकी, लवकर सुकणारी, प्रवासाला सोपी. पण पाण्यात ती तशीच पडून राहते. जो कारखानदार या दोन्ही बाजू, आपल्याला अडचणीची असलेली बाजूसुद्धा, स्वच्छ लिहील, त्याच्या तिसऱ्या वाक्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवेल. शिवाय रेखणीचे, म्हणजे डोळे रेखण्याचे, हातात असलेले ज्ञान कागदावर उतरले तर पुढच्या पिढीसाठी उरेल.

या मार्गाला मर्यादाही आहेत. पहिल्या वर्षी पदरात फारसे काही पडत नाही. किती माल मासिकामुळे खपला, याचा रकाना चोपडीत नसतो. खंड पडला की वाचक तुटतो. माल वाईट असेल तर चांगले लिहिणे उलट अंगाशी येते. आणि साहित्यप्रेमींनी विचारावा असा एक प्रश्न उरतोच: कारखान्याच्या पैशावर चाललेल्या मासिकात कारखान्यावर टीका कशी छापली जाणार? हा आक्षेप खोटा नाही. मालकाच्या छपराखाली लिहिणाऱ्याची एक भिंत ठरलेली असते. तरीही ती भिंत सोडून उरलेल्या तीन दिशांना 'किर्लोस्कर'ने बरेच अंगण मोकळे ठेवले. रूढी आणि अंधश्रद्धा यांवर त्याने लिहिले, आणि तसे करताना काही गिऱ्हाइके दुखावण्याचा धोकाही पत्करला.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर लिहायला घेतले. मुळशी धरणाचे पाणी खरे तर पूर्वेकडे भीमेला जायचे; ते घाटमाथ्यावरून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजगृहात आणले जाते. हे वीजगृह १९२७ पासूनचे. वीज करून झाल्यावर सोडलेले पाणी कुंडलिकेत येते, सहसा सकाळी, आणि म्हणून राफ्टिंगही सकाळीच. येथवर तो थांबणार होता. मी म्हटले, धरणाखाली गावे गेली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, हेही आले पाहिजे. तो अडखळला. "सर, लोक मजा करायला येतात. बुडालेल्या गावांचं कशाला?" दोन दिवस त्याने कागद तसाच ठेवला. मग तो परिच्छेद घातला, कारण त्याच्या आजीचे माहेर मावळातले आणि ती गोष्ट त्याने लहानपणी तिच्याकडूनच ऐकलेली.

आता आरक्षण करणाऱ्या प्रत्येकाला तो हा मजकूर आधी पाठवतो. 'सकाळी आठच्या आत पोहोचा. पाणी आपल्या हातात नाही' हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. उशिरा येऊन भांडणारे जवळजवळ संपले, असे तो सांगतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याचे एक वृद्ध गृहस्थ त्याच्याकडे उतरले. राफ्टिंगचे त्यांचे वय नव्हते. मुळशीच्या पाण्याखाली त्यांच्या घराण्याचे गाव गेले होते. ते पाणी पुढे कुठे जाते, हे पाहायला ते आले होते. सकाळी नदी चढली तेव्हा ते तासभर काठावर बसून राहिले. जाताना त्यांनी दोन दिवसांचे पैसे दिले आणि पुढच्या खेपेला नातवंडांना घेऊन येतो म्हणाले.

चार ओळींची झकास जाहिरात त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती.