सोवळ्याची घागर

आज नाताळ. विठ्ठलासमोर उभे राहून कीर्तन करणाऱ्या आम्ही ख्रिस्तभक्तीविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ‘स्मृतिचित्रे’ ज्या घरात वाचली गेली, तेथे लक्ष्मीबाई टिळक परक्या नाहीत.

१८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या त्याही सोवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी सांभाळूनच. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही, हे आम्हांस त्यांच्या काव्याहूनही मोठे वाटते. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, असे एके दिवशी बाईंच्याच मनाने घेतले आणि सोवळे सुटले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. आधी घागर, मग धर्म! हा क्रम आम्हां शास्त्र पढलेल्यांस अडखळवतो.

बरे, ख्रिस्ती झाल्या म्हणून बाई निराळ्या झाल्या नाहीत. तीच मिस्कील जीभ, तोच शीघ्रकोपी नवरा, तीच पैशाची ओढाताण. आणि त्यातच अनाथ पोरांना घरात जागा. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुरे केले.

आमच्या घरी सोवळ्याची घागर अजून वेगळी भरतात. गेल्या महिन्यात भर दुपारी दारी आलेल्या टपालवाल्यास सूनबाईंनी तीतूनच पाणी दिले. आम्ही पाहिले, आणि पुन्हा पोथीत डोके घातले.