बॅरलच्या पोटातली भट्टी

पुणे-हैदराबाद महामार्गावर उमरगा मागे टाकलं की थोड्याच वेळात कर्नाटकाची हद्द लागते. पुढे बसवकल्याणचा फाटा, मग हुमनाबाद, मग मन्नाएखेळी. हुमनाबादेहून एक रस्ता बिदरला जातो, दुसरा कलबुर्गीला. या पट्ट्यातल्या ढाब्यांवर स्वयंपाकघराच्या बाहेर, दर्शनी बाजूलाच, एक काळवंडलेलं लोखंडी बॅरल उभं असतं. शेजारी कणकेचे गोळे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात लांब सळ्या टेकवलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला ते तेलाचं जुनं पिंप वाटतं. वाकून आत पाहिलं की कळतं, लोखंड हा नुसता अंगरखा आहे. खरी भट्टी आतल्या मातीची आहे. भालकी-औरादकडचा मराठी शेतकरी, कलबुर्गीचा कानडी व्यापारी, बिदरचा दखनी बोलणारा गॅरेजवाला, तिघांच्याही ताटात रोटी येते ती या एकाच तोंडातून. जेवून उठताना दाद मिळते मसाल्याला. पण चव घडवणाऱ्या गोष्टी तीन: माती, हवा आणि रोजची निगा.

बॅरलचा जन्म काही जेवणासाठी झालेला नाही. १९०५ साली अमेरिकेत हेन्री वेर्हान याच्या नावे पोलादी ड्रमचं पेटंट निघालं. तो जिथे काम करायचा ती आयर्न क्लॅड कंपनी त्या काळी नेली ब्लाय या गाजलेल्या महिला पत्रकाराच्या हाती होती. तेल वाहून न्यायला बनलेलं हे भांडं रिकामं झाल्यावर जगभर चुलीच्या कामाला लागलं. जमैकात ते आडवं कापून त्यात जर्क चिकन भाजतात. अमेरिकेत उभ्या ड्रमच्या तळाशी कोळसा ठेवून, वर जाळी बसवून, मांस तासन्‌तास धुरावर शिजवतात. आपल्याकडे त्याच ड्रमच्या पोटात तंदूर बसला.

तंदूर स्वतः फार जुना. राजस्थानातल्या कालीबंगा इथल्या हडप्पाकालीन वस्तीत तंदुरासारख्या भट्ट्या सापडल्या आहेत. मात्र तो हॉटेलच्या धंद्यात देशभर पसरला तो फाळणीनंतर. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये मोतीमहल नावारूपाला आणलं आणि तंदुरी कोंबडी घराघरात माहीत झाली. पुढे ट्रकच्या चाकांबरोबर तंदूर हमरस्त्यांवर आला. बिदर-कलबुर्गी हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला मुलूख. हैदराबादच्या नानची ओळख इथल्या शहरांना होतीच. तरी गावोगावी राज्य होतं ते ज्वारीच्या भाकरीचं, आणि भाकरी काही तंदुरात लागत नाही. गव्हाच्या कणकेत ताण देणारा चिकटपणा असतो, म्हणून रोटी उभ्या भिंतीला धरून राहते. ज्वारीच्या पिठात तो नसतो. भाकरीला आडवा तवाच हवा. त्यामुळे ढाब्यावर आजही दोन चुली शेजारी नांदतात.

आता बांधणी. दोनशे लिटरचं बॅरल साधारण ५८ सेंटीमीटर व्यासाचं आणि ८८ सेंटीमीटर उंचीचं असतं. वरचं झाकण पूर्ण कापतात. तळाजवळ वीतभर रुंदीची खिडकी पाडून तिला सरकता पत्रा लावतात. उचलायला बाजूंना कड्या वेल्ड करतात. तळाशी विटांचा थर आणि त्यावर मातीचं भांडं: खाली पोट सुटलेलं, वर तोंड आवळलेलं. भांडं आणि पत्रा यांच्यामध्ये चारही बाजूंनी जागा सोडतात आणि तिथे वाळू, राख, विटांचा चुरा ठासतात. हल्ली ग्लासवूलही भरतात. शेवटी तोंडाभोवती मातीचा जाड गळा लिंपून वरची फट बंद करतात.

मधल्या या भरावावर पैसे वाचवू नयेत. तापल्यावर लोखंड जास्त फुगतं, भाजलेली माती कमी. दोघं एकमेकांना घट्ट चिकटून बसले तर तडा ठरलेला. भराव दोघांना आपापल्या मापाने हलू देतो, आणि आतली धग पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. भट्टी पेटून दोन तास झाल्यावर पत्र्याजवळ हात नेऊन बघावा. जिथे झळ जास्त लागेल तिथे भराव खाली बसला आहे असं समजावं.

माती निवडताना या भागाची जमीन ओळखावी लागते. बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत मोठं क्षेत्र काळ्या मातीचं. तुरीसाठी ती सोन्यासारखी. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हीच माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीची भट्टी वाळता वाळताच फुटते. बिदर शहर मात्र जांभ्याच्या पठारावर वसलेलं आहे, तिथली माती तांबडी. चिकण तांबडी माती, थोडी वाळू आणि त्यात भुसा, बकरीचे केस किंवा घोड्याची लीद असं मिश्रण कुंभार पायांनी तुडवून एकजीव करतो. हे धागे वाळताना मातीला धरून ठेवतात. पुढे आगीत जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक छिद्रं उरतात. ही छिद्रं एकदम आलेला ताप सोसतात आणि पसरू पाहणारी भेग मध्येच अडवतात.

भांडं सावलीत सावकाश वाळवतात. मग आतून पालक, गूळ, मोहरीचं तेल, ताक, मीठ असा लेप चोळतात. पहिला जाळ अगदी बारीक: मूठभर तुराट्या, मग चार कोळसे, मग थोडे आणखी. मातीत अडकलेलं पाणी हळूहळू बाहेर पडलं पाहिजे. पहिल्याच दिवशी जाळ चढवला तर त्या पाण्याची वाफ होऊन भिंतीचे पापुद्रे उडतात. घाईत पेटवलेली भट्टी महिन्याभरात चिरते आणि दोष येतो कुंभारावर.

पेटलेला तंदूर तीन प्रकारांनी शिजवतो. भिंतीला लागलेली रोटी मातीच्या थेट तापावर भाजते. सळईवरची कोंबडी चारही बाजूंच्या धगीत आणि वर चढणाऱ्या गरम हवेत शिजते. तिच्यातली चरबी आणि मसाला निखाऱ्यावर ठिबकतो, त्याचा धूर परत तिलाच लागतो. ऐन भरात भिंत चारशे अंशांच्या पुढे जाते, म्हणून रोटीला मिनिट-दीड मिनिट पुरतं. तळाची खिडकी उघडली की हवा ओढली जाते आणि निखारा फुलतो. पत्रा सरकवला की तो दबतो. खिडकी जवळजवळ मिटून तोंडावर झाकण ठेवलं तर हेच यंत्र मंद आचेवर धुरी देऊ लागतं, अमेरिकेतल्या उभ्या ड्रमसारखं. तिथे सव्वाशे अंशांच्या आसपास आच धरून तासन्‌तास थांबतात. आपल्याकडे गिऱ्हाईक बसची वाट बघत असतं, म्हणून जोर जाळावर. कोळसा बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा, जड आणि टिकाऊ.

भट्टीवाल्याचा हात जवळून बघण्यासारखा आहे. गोळा दोन तळव्यांत थापटत मोठा करायचा, कापडाच्या गादीवर पसरायचा, मागच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि खांद्यापर्यंत हात आत घालून एका दाबात भिंतीला लावायचा. रोटी लगेच सुटून निखाऱ्यात पडली तर भिंत थंड आहे किंवा ओली. लागल्या लागल्या काळी पडली तर जास्त तापली आहे. मग मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारतात. भिंत निवते आणि पुढच्या रोटीला चांगली धरते. काढताना दोन सळ्या: एकीच्या टोकाला आकडा, दुसरीचं टोक चपटं. अंगावरचे केस जळालेला तो उजवा हात हेच या कामाचं प्रमाणपत्र.

निगा रोजची. सकाळी राख पूर्ण काढायची, कारण तळाशी राख साठली की हवेची वाट बुजते आणि दुप्पट कोळसा जाळूनही भट्टी तापत नाही. मग भिंतीवरून कापड फिरवून करपलेले तुकडे काढायचे आणि भेगा बघायच्या. केसाएवढी भेग चालते. बोटाचं नख शिरलं तर तिथे ओलावा देऊन मूळचीच माती भरायची आणि बारीक जाळावर वाळवायची. तिथे सिमेंट भरू नये. त्या तापात ते टिकत नाही. पावसाळ्यात वर छप्पर हवंच, कारण तापल्या मातीवर गार पाण्याची धार पडली की भट्टी संपली. रात्री झाकण आणि खिडकी दोन्ही बंद केली की राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. मात्र भट्टी बंद खोलीत कधीही नसावी. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो झोपेत जीव घेतो.

अंगणात स्वतः बांधणाऱ्याने बॅरलचा आधीचा इतिहास विचारावा. कीटकनाशकाचं किंवा रसायनाचं बॅरल कितीही धुतलं तरी नको, खाद्यतेलाचं घ्यावं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टाळावा, तापल्यावर त्याचा धूर विषारी. रिकाम्या बॅरलमध्ये उरलेल्या वाफेचा कापताना स्फोट होऊ शकतो. म्हणून बूच उघडून, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, पाण्याने भरूनच कापावं.

हुरड्याच्या आगटीपासून डाळीला दिलेल्या कोळशाच्या धुंगारापर्यंत धुराची चव या मातीला नवी नाही. बॅरलच्या भट्टीने ती वर्षभर, रस्त्यावरच्या कुणालाही, थोड्या पैशांत मिळवून दिली. पण या यंत्राचा हिशेब मांडताना पत्रा आणि वेल्डिंगचे पैसे आधी मोजले जातात, कुंभाराच्या मजुरीत घासाघीस होते आणि भट्टी मुरवायचे दिवस वाया गेले असं धरलं जातं. हे उलटं व्हायला हवं. लोखंड भंगारातही मिळतं आणि एकच बॅरल अनेक भांड्यांना पुरतं. मळलेली माती मिळते ती जाणत्या कुंभाराकडेच, आणि असे कुंभार कमी होत चालले आहेत. ढाबेवाल्याने कुंभाराला पुरेसे पैसे द्यावेत, भट्टीला वाळायला पुरेसे दिवस द्यावेत, आणि रोटी लावणाऱ्या हाताला स्वयंपाक्याच्या बरोबरीचा मान द्यावा. चव टिकवायची तर यापेक्षा स्वस्त उपाय नाही.