आधी कुलूप, मग जीव

आग लागली की माणसं काय करतात, असं कुणालाही विचारा. ‘पळत सुटतात’ हेच उत्तर मिळेल. सिनेमांनी आपल्याला तसंच दाखवलं आहे. ज्वाळा, किंकाळ्या, एकमेकांना तुडवत दाराकडे धावणारा लोंढा आणि त्या लोंढ्याच्या उलट दिशेने निघालेला नायक! बातम्यांतही ‘एकच घबराट उडाली’ हे वाक्य ठरलेलं. गेली काही वर्षं आगीच्या दुर्घटनांविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे, आणि जितकं वाचावं तितकं वाटतं की खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. आग लागलेल्या इमारतीतली माणसं फार लवकर पळत नाहीत. ती फार उशिरा निघतात.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात ८ मे १९७९ रोजी वूलवर्थच्या मोठ्या दुकानात आग लागली. दुसऱ्या मजल्यावर फर्निचरचा विभाग आणि त्याच मजल्यावर उपाहारगृह. दुपारच्या जेवणाची वेळ. फर्निचरमधल्या फोमने पेट घेतला आणि काळा धूर पसरू लागला. तरी उपाहारगृहातली काही मंडळी खुर्चीवरून हलेनात. ताटातलं संपवायचं होतं, पैसे मोजलेले होते. दहा माणसं त्या दिवशी गेली. वाचताना आपल्याला राग येतो, ‘काय ही माणसं!’ असं तोंडातून जातं. पण जरा थांबा. लग्नाच्या पंगतीत बसला आहात, पानात जिलबी नुकतीच पडली आहे आणि कुणीतरी म्हणालं, ‘मागे काहीतरी जळतंय.’ तुम्ही उठाल? की आचाऱ्याकडे बघाल?

ह्या ‘दुसऱ्याकडे बघण्या’वर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. लताने आणि डार्ली ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या फटीतून हळूहळू धूर सोडायचा. खोलीत तो एकटा असला, तर शंभरातले ७५ जण उठून कुणालातरी सांगायला जात. पण शेजारी आधीच पढवून ठेवलेले, धुराकडे ढुंकूनही न बघणारे दोघे बसवले, तर उठणारे उरले शंभरात फक्त १०. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले! त्यांना धूर दिसत नव्हता असं नाही. शेजारचा शांत आहे, तेव्हा काही विशेष नसणार, असा त्यांचा हिशेब होता. आणि चारचौघांत आपलं हसं व्हायला नको, ही भीती त्या हिशेबात होतीच.

हे सगळं परदेशातलं, म्हणून बाजूला सारता आलं असतं. पण रत्नागिरीतल्या आमच्या चार मजली सोसायटीत मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. आषाढातली रात्र होती, पाऊस कोसळत होता. साडेदहाच्या सुमाराला जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास वर चढू लागला. दारं उघडली. प्रत्येक दारातून एक डोकं बाहेर आलं, समोरच्या डोक्याकडे बघितलं, ‘तुमच्याकडे काही करपलं का हो?’ अशी विचारपूस झाली आणि निम्मी दारं पुन्हा बंद झाली! दुसऱ्या मजल्यावरच्या दोन गृहस्थांनी तर जिन्यात उभं राहून गेल्या वर्षी वायरिंगला किती खर्च आला होता, त्याची चर्चा सुरू केली. धूर त्यांच्या पायांपर्यंत आला होता.

पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. ‘चला, खाली चला’ अशी हाक झाल्यावर एका वहिनींनी गाऊन बदलून साडी नेसली. एका काकांनी कपाटातून कागदपत्रांची फाईल काढली, मग चष्मा, मग फाईल तपासण्यासाठी पुन्हा दिवा. तिसऱ्या मजल्यावर आजी एकट्याच राहतात. त्यांनी डोंबिवलीला मुलाला फोन लावला आणि विचारलं, ‘इथे सगळे खाली जा म्हणतायत, जाऊ का?’ आणि एकूण एक बिऱ्हाडाने बाहेर पडताना दाराला कुलूप घातलं. नुसतं घातलं नाही, दोनदा ओढूनही बघितलं. आत माणूस नाही, बाहेर धूर, पण कुलूप नीट लागलं पाहिजे! पहिल्या मजल्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलाने मेन स्विच पाडला आणि प्रकरण तेवढ्यावर निभावलं. कुणाला ओरखडाही आला नाही. पण त्या रात्री गच्चीचं दारही कुलूपबंदच होतं आणि त्याची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात होती. सेक्रेटरी संगमेश्वरला बारशाला गेले होते.

आता हे सगळे लोक मूर्ख होते का? मुळीच नाही. ती नेहमीसारखीच वागली, एवढंच. रोज घराबाहेर पडताना आपण जे जे करतो, तेच संकटातही हातून आपोआप होतं. ओळखीची कामं, ओळखीचा क्रम आणि ओळखीचं दार.

ह्या ओळखीच्या दाराने किती जीव घेतले आहेत! अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात फेब्रुवारी २००३ मध्ये ‘द स्टेशन’ नावाच्या नाइट क्लबला आग लागली. बाहेर जायला इतर दारं असताना बहुतेकांनी ज्या पुढच्या दाराने आत आले त्याच दाराकडे धाव घेतली, आणि ते दार माणसांनी बुजून गेलं. शंभर जण गेले. आपल्या मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली. तिथे १४ बळी पडले. त्यांतले बरेच जण प्रसाधनगृहात सापडले. तिथे पाणी असतं, भिंती पक्क्या असतात, म्हणून तिथे जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण धुराला भिंती कळत नाहीत. आगीत माणसं भाजून मरतात असा आपला समज असतो. त्यांतल्या पुष्कळांना ज्वाळा येण्याआधी धूरच गाठतो.

कधी कधी मात्र माणसाकडे दारच नसतं, आणि तेव्हा त्याच्या वागण्याला बोल लावणं हा अन्याय आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ‘बॉर्डर’ बघायला आलेले ५९ प्रेक्षक गुदमरून गेले. बाल्कनीत जादा खुर्च्या घालून वाट अडवलेली होती. सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली आणि सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. तिथल्या अरुंद, निसरड्या वाटेवर मागच्याला पुढे काय झालं हे कळायला मार्गच नव्हता. ‘लोक घाबरले’ म्हटलं की वाट कुणी अडवली, हे विचारायचं राहून जातं.

कुटुंबाचं म्हणाल, तर माणूस आगीतही आधी आपलं माणूस शोधतो. आयल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड ह्या करमणूक केंद्राला २ ऑगस्ट १९७३ रोजी आग लागून ५० जण गेले. सुट्टीचे दिवस, मुलं एका मजल्यावर खेळत होती, आईवडील दुसऱ्या मजल्यावर. जोनाथन साइम ह्या संशोधकाने वाचलेल्यांच्या हकिगती तपासल्या. ज्यांचं कुटुंब एकत्र होतं ते एकत्रच बाहेर निघाले, आणि ज्यांची ताटातूट झाली होती ते दार सोडून एकमेकांना शोधत फिरले. ह्याला कुणी घबराट म्हणेल का? मला तरी ते धैर्य नाही. पण मॉलमध्ये मुलांना खेळायला सोडून आपण वरच्या मजल्यावर जातो, तेव्हा ‘काही झालं तर कुठे भेटायचं’ हे ठरवून ठेवायला काय हरकत आहे?

एवढं सगळं वाचून मन खट्टू होतं. पण ह्याच दुर्घटनांत दुसरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कुणीतरी एकाने ठामपणे सांगितलं, की माणसं ऐकतात. आणि तो एकजण बहुधा मोठ्या हुद्द्यावरचा नसतो. केंटकी राज्यातल्या बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला २८ मे १९७७ रोजी आग लागली. नाट्यगृहासारख्या भरगच्च दालनात विनोदी कार्यक्रम चालू होता. टेबलं आवरणारा अठरा वर्षांचा वॉल्टर बेली रंगमंचावर चढला, ध्वनिक्षेपक घेतला आणि दारं कुठे आहेत ते दाखवून सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. काहींना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला! १६५ बळी गेले, पण त्याच्या त्या शब्दांनी शेकडो वाचले. तिथे वाढणाऱ्या मुलींनी आपापल्या टेबलांवरचे पाहुणे बाहेर नेले. रोजचं नातं तिथेही उपयोगी पडलं.

आणि आपल्याकडे? परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ च्या सकाळी बाराव्या मजल्यावर आग लागली. चौघांचा जीव गेला. सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओली फडकी नाकातोंडाला लावायला सांगून धीर दिला. शाळेत तिसरीत शिकलेलं तिला आठवलं होतं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या फडक्याने काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही, हे इथे सांगायला हवं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मोठी माणसं गोंधळलेली असताना एका मुलीला पुढचं पाऊल माहीत होतं, आणि मोठ्यांनी तिचं ऐकलं.

आम्हा कोकणातल्या माणसांना आग नवी नाही. केंबळी घरांच्या काळात एका चुलीतली ठिणगी अख्खी वाडी खाऊन जाई. आजही फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर वणवा दिसला, की वाडीतली माणसं न सांगता ओले टाळे घेऊन आंबा-काजूच्या बागांकडे धावतात. कुणी आरोळी द्यायची, कुणी गुरं सोडायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. जुन्या चिऱ्याच्या घराला पुढचं दार आणि मागचं दार असे. मागच्या दाराने रोजच विहिरीवर जाणं होई, त्यामुळे ती वाट पायांना पाठ होती. तीच माणसं मारुती मंदिराच्या परिसरात, नाचण्याकडे नव्या इमारतींत राहायला आली आणि घराला एकच दार उरलं. खिडक्यांना चोरांच्या भीतीने लोखंडी ग्रिल बसली, तीही न उघडणारी. जिन्यात चपलांचे स्टँड, सायकली, रद्दीचे गठ्ठे. मुलं मुंबई-पुण्याला, घरात सत्तरीपुढची दोघं किंवा एकटं माणूस. बंब वेळेवर पोहोचला तरी वर जायच्या वाटेत आमच्याच चपला!

कायदा आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखाली येणाऱ्या इमारतींनी जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामक जवानांची आठवणही होते. त्या दिवशी जहाज दुपारपासून जळत होतं. जवान पाण्याचा मारा करत राहिले, आणि गोदीतल्या कामगारांना ‘बाहेर पडा’ असं वेळेवर सांगितलंच गेलं नाही.

आमच्या सोसायटीने त्या आषाढानंतर सभा घेतली. अग्निशामक दलात नोकरी केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी तासभर सोप्या भाषेत सांगितलं. विजेच्या आगीवर पाणी मारू नका. लिफ्ट असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. निघताना दार ओढून घ्या, त्याने धूर अडतो, पण कुलपात वेळ घालवू नका. धुरात सापडलात तर वाकून, गरज पडली तर रांगत चला, खाली हवा बरी असते. जिनाच धुराने भरला असेल तर घरातच थांबा, दाराच्या फटीत ओली चादर कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी उभं राहून हाका मारा आणि १०१ ला फोन करा. ‘आणि,’ ते म्हणाले, ‘वास आला की शेजाऱ्याला विचारत बसू नका, त्याला घेऊन खाली उतरा. काही नसलं तर चहा पिऊन वर जा.’

गच्चीच्या दाराला आता कुलूप नाही, आतून कडी आहे. एका खोलीचं ग्रिल प्रत्येकाने उघडणारं करून घ्यावं असं ठरलं. सहा जणांनी केलं. आजींना खाली आणण्याचं काम पहिल्या मजल्यावरच्या त्याच मुलाकडे दिलं आहे आणि आजींनी त्याला सांगून ठेवलंय, ‘मी फोन हातात घेतला तर काढून घे रे.’ चपलांच्या स्टँडवर मात्र एकमत झालं नाही. तो विषय पुढच्या सभेवर गेला आहे.